प्रयोगशाळेतलं मांस लोक खातील का? तुम्ही पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न

मी अन्नतंत्रज्ञान शिकवतो आणि या विषयावर ठिकठिकाणी बोलतोही. भाषण संपल्यावर चहाच्या वेळी आणि पुढे आठवडाभर व्हॉट्सॲपवर बहुतेक तेच प्रश्न येतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. ज्या शब्दांत आले, जवळजवळ त्याच शब्दांत ठेवले आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्यात येत असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हे खरंच मांस आहे, की सोयाच्या वड्यांसारखं मांसासारखं लागणारं काहीतरी?

खरंच मांस आहे. सोयाच्या वड्या किंवा फणसाचा खिमा यांत प्राण्याची एकही पेशी नसते. इथे कोंबडीच्या, माशाच्या किंवा जनावराच्या पेशी घेऊन त्या शरीराबाहेर वाढवतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर त्या प्राण्याच्याच पेशी दिसतात, डीएनए तपासला तर त्याच प्राण्याचा निघतो.

'प्रयोगशाळेतलं' हा शब्द थोडा दिशाभूल करतो. संशोधन प्रयोगशाळेत होतं, पण विकायचा माल स्टीलच्या मोठ्या टाक्यांत तयार होतो आणि तो कारखाना बिअरच्या कारखान्यासारखा दिसतो. कंपन्या 'कल्टिव्हेटेड मीट' म्हणतात. मराठीत लोकांच्या तोंडी 'लॅबमधलं मांस' बसलंय, म्हणून मीही तेच वापरतो.

२. करतात कसं? कोंबडी मारावी लागते का?

मारावी लागतेच असं नाही. जिवंत जनावराच्या स्नायूचा अगदी छोटा तुकडा सुईने काढतात, किंवा फलित अंड्यातून पेशी घेतात. त्यांतून चांगल्या वाढणाऱ्या पेशी निवडून त्यांची 'बँक' करून गोठवून ठेवतात. एकदा बँक तयार झाली की दर वेळी प्राण्याकडे जावं लागत नाही.

मग या पेशी टाकीत सोडतात. टाकीत अंगाच्या तापमानाचं पाणी असतं आणि त्यात साखर, अमिनो आम्लं, क्षार, जीवनसत्त्वं आणि वाढीचे संदेश देणारी काही प्रथिनं. प्राणवायू सतत द्यावा लागतो, कारण इथे हृदय नाही, रक्त नाही. पेशींनी टाकलेलं लॅक्टिक आम्ल आणि अमोनिया वाढला की वाढ खुंटते. कोंबडीच्या पेशींना यात साधारण दोन-तीन आठवडे जातात. नुसत्या पेशी म्हणजे ओला लगदा. त्याला तंतूंचा पोत हवा असेल तर वेलीला जसा मांडव लागतो तसा खाता येण्याजोगा आधार द्यावा लागतो.

टाकीत बाहेरचा एखादा जिवाणू शिरला तर तो पेशींपेक्षा कितीतरी वेगाने वाढतो आणि सगळा घाणा फेकून द्यावा लागतो. महागाईचं एक कारण तिथेच आहे (बाकीची कारणं प्रश्न ९ मध्ये).

३. मग हे शाकाहारी की मांसाहारी?

मांसाहारी. भारतातल्या लेबलच्या नियमांनुसार प्राण्याच्या शरीराचा भाग असलेला पदार्थ मांसाहारी ठरतो, दूध आणि मध यांसारखे अपवाद सोडून. हे विक्रीला आलं तर पाकिटावर चौकोनातला तपकिरी त्रिकोणच असायला हवा, हिरवा ठिपका नव्हे.

"पण जीव गेला नाही ना?" असं लगेच विचारलं जातं. जीव जाणं आणि मांस असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे शाकाहार हा फक्त हिंसेचा प्रश्न कधीच नव्हता. त्यात सोवळं येतं, वास येतो, घरातली भांडी येतात, आजीने दिलेली शपथ येते. टाकी यातल्या हिंसेपुरतं उत्तर देते, बाकीच्यांना तिच्याकडे उत्तर नाही.

४. सर, मी माळकरी आहे. मला चालेल का? आणि श्रावणात?

माळ घालताना तुम्ही मांस सोडलं, कत्तल तेवढी सोडली नाही. हे मांस आहे, म्हणून माझ्या समजुतीने उत्तर 'नाही' असंच येतं. श्रावणाचं आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारांचंही तेच. शेवटचा शब्द तुमच्या फडाचा, तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांचा. कोणी "हे तर पवित्र मांस, बिनधास्त खा" असं सांगून विकायला आलं, तर तो त्याचा धंदा आहे एवढं लक्षात ठेवा.

जैन वाचकांसाठी थोडं वेगळं. नैसर्गिक मरण आलेल्या जनावराचं मांससुद्धा जैन आचार्यांनी शतकांपूर्वी निषिद्ध ठरवलं आहे, कारण मांसात सतत सूक्ष्म जीव उपजतात असं ते मानतात. म्हणजे 'मारलं नाही' हा युक्तिवाद तिथे पूर्वीच विचारात घेऊन बाजूला ठेवला गेला आहे.

५. गाईच्या पोटातल्या वासराचं रक्त वापरतात असं वाचलं. खरं का?

खरं होतं, काही ठिकाणी अजूनही आहे, आणि हे लपवण्यात अर्थ नाही. पेशी वाढवायला गाभण गाय कापल्यावर तिच्या गर्भाच्या रक्तातून काढलेला सीरम जगभरच्या प्रयोगशाळा कित्येक वर्षं वापरत आल्या. सुरुवातीचं लॅब-मांस त्यावरच वाढलं. 'अहिंसक मांस' म्हणून गाजावाजा होत असताना ही गोष्ट दडपली गेली, याचा मला आजही राग आहे.

पुढे सीरमशिवाय वाढणाऱ्या पेशी तयार झाल्या. २०२३ च्या जानेवारीत सिंगापूरने सीरममुक्त पद्धतीला परवानगी दिली. आज या क्षेत्रातल्या बहुतेक कंपन्या सीरम टाळतात, त्यात तत्त्व आहे आणि खर्चही आहे, कारण सीरम भयंकर महाग. तरीही पाकीट हातात आलं की 'प्राणिज सीरम वापरला आहे का' हा प्रश्न जरूर विचारा.

६. हलाल आहे का?

सिंगापूरच्या फतवा समितीने २०२४ च्या फेब्रुवारीत सांगितलं की अटी पाळल्या तर हलाल ठरू शकतं: पेशी खाण्यास परवानगी असलेल्या प्राण्याच्या हव्यात आणि प्रक्रियेत निषिद्ध काही नको. प्राणी हलाल पद्धतीने कापल्यावर पेशी घेतलेल्या असाव्यात, अशी अटही काही अभ्यासक घालतात. त्यामुळे जिवंत प्राण्याच्या पेशींबद्दल (प्रश्न २) मतभेद आहेत. ज्यूंमध्ये इस्रायलच्या तेव्हाच्या मुख्य रब्बींनी २०२३ मध्ये एका कंपनीच्या गोमांसाला कोशर, म्हणजे ज्यू धर्मनियमांनुसार खाण्याजोगं, म्हटलं.

७. चव कशी लागते?

५ ऑगस्ट २०१३ ला लंडनमध्ये कॅमेऱ्यांसमोर पहिला बर्गर चाखला गेला. नेदरलँड्सच्या मास्ट्रिख्ट विद्यापीठातले मार्क पोस्ट यांनी तो घडवला होता. चाखणाऱ्यांचं म्हणणं असं की चावताना मांसच वाटतं, पण चरबी नाही. ही टीका नेमकी होती. मटणाला मटणाचा वास देते ती मुख्यतः चरबी, आणि त्या बर्गरमध्ये नुसत्या स्नायूंच्या पेशी होत्या. म्हणून आता काही कंपन्या फक्त चरबीच वाढवतात. डुकराच्या अशा चरबीला अमेरिकेत २०२५ मध्ये मंजुरी मिळाली. ती वनस्पतीज मांसात मिसळून सॉसेज करतात. गोव्यातल्या चौरिसप्रेमींना यात रस वाटेल, चौरिसात चरबीच बोलते.

भाजल्यावर खमंगपणा येतो तो अमिनो आम्लं आणि साखर यांच्या उष्णतेतल्या अभिक्रियेने. ती इथेही होते, तव्याला पेशी कुठून आली याच्याशी देणंघेणं नसतं.

८. नळी मिळेल का? पांढरा रस्सा होईल का?

कोल्हापूर-सांगलीकडून आलेला हा प्रश्न मला सगळ्यांत शहाणा वाटतो. नाही मिळणार. पांढऱ्या रश्श्याचा जीव मटणाच्या अळणीत असतो आणि अळणीचा जीव हाडांत, कुर्च्यांत, त्यांतून उतरणाऱ्या जिलेटिनमध्ये. टाकीत हाड वाढत नाही. नळी नाही, पाया नाही, वजडी नाही, कलेजी नाही. आज जे बनतं ते बोनलेस, आणि बऱ्याचदा बारीक केलेलंच: खिमा, कबाब, नगेट, कटलेट.

पाश्चात्त्य देशांत बोनलेस तुकडा हेच बहुतेकांचं मांस. आपल्याकडे मटणवाल्याला "थोडी नळी टाका, चाप टाका, चरबी कमी" असं सांगून वाटा बांधून घेणारा माणूस एका प्राण्याचे सात-आठ वेगवेगळे पदार्थ मागत असतो. त्याला एकसारखा लगदा देऊन "हे घ्या मटण" म्हणता येणार नाही. म्हणून इथे सुरुवात झालीच तर ती शहरातल्या कबाब-मोमो-बर्गरच्या गाड्यांवर आणि हॉटेलांत होईल, रविवारच्या घरच्या रश्श्यात नाही.

९. किंमत किती? कधी स्वस्त होणार?

२०१३ च्या त्या एका बर्गरला सुमारे अडीच लाख युरो लागले. पैसे गूगलचे सहसंस्थापक सर्गेई ब्रिन यांनी दिले होते. तेव्हापासून खर्च प्रचंड खाली आला, पण दुकानातल्या कोंबडीशी बरोबरी झालेली नाही. महाग काय आहे? वाढीचे संदेश देणारी प्रथिनं, निर्जंतुक टाक्या आणि वीज.

दुसरी बाजूही पाहा. ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांत विक्रीला येतो आणि एक किलो वजनासाठी दोन किलोंहूनही कमी खाद्य खातो. आपल्या देशातल्या मांस उत्पादनात निम्म्याच्या आसपास कोंबडीच आहे. इतक्या काटकसरी पाखराशी भावात लढणं टाकीला फार जड जाणार. मटणाशी लढणं किमतीत सोपं, पण तिथे प्रश्न ८ आडवा येतो.

१०. कुठे मिळतं? आम्ही सिंगापूरला/अमेरिकेला आहोत.

सिंगापूरने २०२० च्या डिसेंबरमध्ये जगात सर्वप्रथम विक्रीला परवानगी दिली. २०२४ मध्ये तिथल्या एका मांसाच्या दुकानात गोठवलेलं पाकीट ठेवलं गेलं, पण त्यात कोंबडीच्या पेशी फक्त ३ टक्के होत्या, बाकी वनस्पतीज प्रथिनं. लेबल वाचूनच घ्या, हे त्यासाठी. एका ऑस्ट्रेलियन कंपनीच्या लाव्याच्या मांसाला सिंगापूरने २०२४ मध्ये आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडने २०२५ मध्ये मान्यता दिली.

अमेरिकेत २०२३ च्या जूनमध्ये दोन कंपन्यांच्या कोंबडीला परवानगी मिळाली. सॅन फ्रान्सिस्को आणि वॉशिंग्टनमधल्या एकेका रेस्टॉरंटने ती थोडे दिवस वाढली, मग थांबवली. त्यांतल्या अपसाइड फूड्सचे संस्थापक डॉ. उमा वलेटी हे मूळचे विजयवाड्याचे हृदयरोगतज्ज्ञ. २०२५ मध्ये लॅबमधल्या सामन माशालाही तिथे मान्यता मिळाली. तुम्ही कोणत्या राज्यात राहता ते मात्र पाहा (प्रश्न १४).

११. भारतात काय चाललंय?

विक्रीला परवानगी मिळालेलं उत्पादन अजून नाही. ते आणायचं तर एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) २०१७ च्या, पूर्वी न खाल्ल्या गेलेल्या अन्नपदार्थांच्या मंजुरीच्या नियमांतून जावं लागेल.

संशोधन मात्र सुरू आहे. हैदराबादची सीसीएमबी (पेशी आणि रेणूंच्या जीवशास्त्राची संशोधन संस्था) आणि तिथलंच राष्ट्रीय मांस संशोधन केंद्र यांना २०१९ मध्ये केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने निधी दिला. त्याच वर्षी मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे माटुंग्याच्या आपल्या जुन्या यूडीसीटीने, या विषयाच्या केंद्रासाठी करार केला. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने २०२४ मध्ये माशाच्या पेशींवर काम हाती घेतलं. मुंबईत बायोक्राफ्ट फूड्स ही कंपनी कोंबडीवर काम करते.

माशाकडे माझं जास्त लक्ष आहे. किनाऱ्यावर बोंबील-सुरमई वर्षागणिक महाग होतेय, आणि माशाचं बोनलेस फिलेट आपल्याला परकं नाही.

१२. खरं सांगा, आपले लोक खातील का?

एकदा चाखणं वेगळं आणि दर आठवड्याला पिशवी घेऊन जाणं वेगळं. पहिल्याला बरेच जण तयार होतील.

अमेरिका, चीन आणि भारत इथल्या सुमारे तीन हजार लोकांचा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात भारत आणि चीनमधली तयारी अमेरिकेपेक्षा स्पष्टपणे जास्त दिसली. कंपन्या हा निकाल फलकावर लावतात. पण भारतातले उत्तर देणारे प्रामुख्याने शहरी, जास्त शिकलेले आणि चांगल्या उत्पन्नाचे होते. फलटणच्या आठवडी बाजारातल्या माणसाचं मत त्यात शोधू नका. दुसऱ्या एका अभ्यासात नाव बदललं की उत्तर बदलतं हे दिसलं: 'लॅबमध्ये वाढवलेलं' म्हटलं की लोक मागे सरतात, 'स्वच्छ मांस' म्हटलं की पुढे येतात.

भारत शाकाहारी देश आहे, म्हणून इथे चालणार नाही, असंही ऐकतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयातले ८३ टक्के पुरुष आणि ७१ टक्के स्त्रिया रोज, आठवड्याला किंवा अधूनमधून मासे, कोंबडी अथवा मटण खातात असं आढळलं. खाणारे भरपूर आहेत. अडचण दुसरीच आहे.

आपण मांस विश्वासावर विकत घेतो, आणि तो विश्वास डोळ्यांनी पारखून घेतो. कोंबडी आपल्यासमोर निवडली, आपल्यासमोर कापली की ती ताजी. मटणाच्या दुकानात टांगलेलं जनावर पाहून बोकड की बोलाईचं हे जाणकार ओळखतो. कोळिणीकडे माशाचे कल्ले उघडून लालपणा पाहतो. गोठवलेल्या साध्या चिकनकडेसुद्धा आपल्या घरांत अजून संशयाने पाहतात. अशा गिऱ्हाइकासमोर, कल्ले नाहीत, हाड नाही, खाटीक नाही, असं बंद पाकीट ठेवलं तर तो पारखणार काय? चव जमेल, भावही कधीतरी जमेल. ही पारख गेली तिच्या जागी काय द्यायचं, याचं उत्तर मला कुठल्याही कंपनीच्या सादरीकरणात सापडलेलं नाही. माझ्या मते ते एकच असू शकतं: पाकिटावर संपूर्ण सत्य. पेशी कोणाच्या, सीरम होता की नाही, मांस किती टक्के, कुठल्या कारखान्यातलं. आणि तो कारखाना शाळेच्या सहलीलाही पाहता यावा.

१३. कर्करोग वगैरे होणार नाही ना? पेशी सारख्या वाढतात म्हणे.

काही कंपन्या न थांबता विभागत राहणाऱ्या पेशी वापरतात, त्यावरून ही भीती आली. पण शिजवल्यावर पेशी मरतात, आणि पोटात गेल्यावर त्यांचं पचन कुठल्याही मांसासारखंच होतं. खाल्लेली पेशी आपल्या शरीरात रुजत नाही.

संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी २०२३ च्या अहवालात ५३ संभाव्य धोके नोंदवले. त्यांतले बहुतेक आपल्या नेहमीच्या अन्नातही असणारेच. आतडी नसल्याने साल्मोनेलासारखे जिवाणू कापताना मांसाला लागण्याचा प्रश्न इथे उरत नाही. पण ज्यांना माशाची ॲलर्जी आहे त्यांना लॅबमधल्या माशाचीही होऊ शकते. पोषणही आपोआप जुळत नाही. बी-१२ स्नायूंच्या पेशी स्वतः बनवत नाहीत, ते टाकीतल्या पाण्यातूनच द्यावं लागतं.

१४. काही देशांनी बंदी का घातली? काहीतरी धोका असणार.

बंद्या मुख्यतः शेतकरी आणि खाद्यपरंपरा यांच्या नावाने आल्या. इटलीने २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये बंदी केली, दंड १० हजार ते ६० हजार युरो. अमेरिकेत फ्लोरिडा आणि अलाबामाने २०२४ मध्ये केली, टेक्सासने २०२५ च्या सप्टेंबरपासून दोन वर्षांसाठी. मला बंदी पटत नाही. लेबल खरं असेल तर घ्यायचं की नाही हे गिऱ्हाइकाला ठरवू द्यावं. पण त्या पशुपालकांची भीती खोटी आहे असंही मी म्हणणार नाही (प्रश्न १६).

१५. पर्यावरणाला चांगलं ना?

वीज कुठली यावर अवलंबून. टाक्या सौर-पवन विजेवर चालल्या तर गोमांसापेक्षा भार बराच कमी, पण कोंबडीपेक्षा कमी होईलच असं नाही, असं युरोपातल्या अभ्यासातून दिसतं. पेशींचं खाद्य औषधांइतकं शुद्ध करावं लागलं तर भार गोमांसाच्याही कित्येक पट होईल, असा हिशोब कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०२३ मध्ये मांडला. जमीन मात्र नक्की कमी लागते.

१६. आमच्या शेळ्यांचं काय?

एका बचत गटातल्या ताईंनी हे विचारलं आणि सभागृह शांत झालं. शेळीला गरिबाची गाय म्हणतात. उस्मानाबादी किंवा संगमनेरी शेळी म्हणजे जमीन नसलेल्या घराची बँक. मुलाची फी आली की बोकड विकायचा. तिचं दूध, लेंडीखत, दुष्काळात तग धरणं, यातलं काहीच टाकी देत नाही.

नजीकच्या काळात धोका कमी आहे, कारण हाडांचं मटण टाकीत होत नाही आणि शेळीवर काम करणारे थोडेच. पहिली झळ लागली तर ती करारावर ब्रॉयलर पाळणाऱ्यांना लागेल, कारण नगेट-कबाबला जाणारं चिकन त्यांचं. सरकार या संशोधनाला पैसा देतंय तर त्याच फाइलीत या लोकांचं नावही असायला हवं. तसं ते कुठे दिसत नाही, आणि मी प्रत्येक व्यासपीठावर हे बोलतो.

१७. महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदी आहे. लॅबमधलं गोमांस कायदेशीर ठरेल का?

राज्यात गाईच्या कत्तलीवर १९७६ च्या कायद्याने बंदी आली, आणि २०१५ च्या मार्चमध्ये बैल व वळूही त्यात आले. २०१६ च्या मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने राज्याबाहेर कापलेल्या जनावराचं गोमांस जवळ बाळगणं गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं, कत्तलबंदी कायम ठेवली. कायद्याचा रोख कत्तलीवर आहे आणि टाकीत कत्तल नाही, असा युक्तिवाद कोणी करू शकेल. पण 'मांस' या शब्दाचा अर्थ लावणं न्यायालयाचं काम. व्यवहारात प्रश्न येईलच असं वाटत नाही, कारण इथल्या कंपन्या कोंबडी आणि माशावर काम करतात.

१८. जत्रेत देवाला बोकड देतो. त्याऐवजी हे चालेल का?

कंदुरीत बोकड हा मानाचा असतो. तो दावणीचा असतो, वर्षभर पोसलेला असतो, आणि त्याच्या वाट्यावर भावकीतल्या कोणाचा मान कुठला हे ठरलेलं असतं. पाकिटाला मान कसा देणार? ज्यांना बळी थांबवायचा आहे त्यांनी नारळ, कोहळा किंवा पुरणाचा नैवेद्य हे पर्याय गावोगावी केव्हाच स्वीकारलेत. टाकीतल्या मांसाची तिथे गरज नाही.

१९. घरात सगळे शाकाहारी, पण कुत्र्याला मांस लागतं. त्याच्यासाठी तरी?

ब्रिटनमध्ये पाळीव प्राण्यांच्या खाद्यात लॅबमधली कोंबडी वापरायला २०२४ मध्ये मंजुरी मिळाली, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत लंडनमधल्या एका दुकानात कुत्र्यांचा खाऊ म्हणून ती विक्रीला आली. भारतात अजून नाही. आली तरी पाकिटावर मांस किती टक्के ते आधी पाहा (प्रश्न १०), आणि आहार बदलण्याआधी जनावरांच्या डॉक्टरांना विचारा. खाऊ म्हणून थोडं देणं वेगळं, रोजचं जेवण म्हणून त्यावर ठेवणं वेगळं.